पीळ

“…मग पन्नीचं कवच असलेली, सगळ्यात भारी केबल घातली. कवचाला अर्थिंग दिलं. तरी माग सुरू झाले की नेट तुटतंच! का, चाचा?”

सन्मती चौगुलेचं बोलणं संपेपर्यंत दस्तगीर चाचांचा चहा निवला होता. इचलकरंजीत नेटच्या केबली ओढणारे बरेचजण या म्हाताऱ्याच्या हाताखाली शिकलेले. त्यात सन्मती सगळ्यांत हुशार, आणि हे सांगत फिरणाराही तोच.

“हापिसात कुठली घालतोस?”

“साधी, बिनकवचाची. तिथं मोटारी नाहीत, कवच कशाला? ही यंत्रमागाची शेड. म्हणून कवचाची.”

“बराबर. टोक दाव.”

सन्मतीनं प्लगसकट कापून आणलेलं टोक पुढं केलं. प्लगामागं आठ तारा बोटभर मोकळ्या, भांग पाडल्यासारख्या सरळ.

“ह्यांचा पीळ कुठं गेला?”

“काढला. काम नेटकं दिसावं म्हणून.”

“जोडीतल्या दोघी एकमेकींना पीळ घालून असत्यात. भाईरचा गोंगाट दोघींवर सारखा पडतो, आन् एकमेकींत फिटून जातो. सुटल्या, की जिचा तिनं सोसायचा.” चाचांनी टोक खाली ठेवलं. “आधी टोकं कोण करायचं?”



“…शीतल.”

शीतल म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. दुकानाच्या पाटीवर आधी नाव कुणाचं, एवढ्यावरून दोघं भांडले आणि शीतल मस्कतला निघून गेला. त्यानंतर फोन ना याचा, ना त्याचा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते अशांनाच.

शेजारच्या शेडमधले माग खडखडत राहिले.

“चाचा… शिडीवर चढलो, की अजून हाक मारतो. ‘शीतल, ओढ!’ म्हणतो. खाली कुणीच नसतं.” भाऊ हवा होता त्याला, पण तेवढंच तोंडातून निघत नव्हतं. “काळजाला पीळ पडतो हो. हा कसा काढायचा, तेवढं सांगा.”

चाचांनी पक्कड उचलली. सरळ तारांचं टोक कट्‌कन तोडून टाकलं आणि उरलेली पिळाची केबल त्याच्या हातात दिली.

“…मस्कतात आत्ता किती वाजलं असतील रं?”