कुबडीचे सुकाणू

शंखगडाच्या पायथ्याशी, खाडी समुद्राला मिळते त्या जागी केवणी नावाचे गाव होते. गावाच्या वरच्या अंगाला, सुरंगीच्या झाडाखाली अच्युतनाथ महाराजांची झोपडी. महाराज कुठले, कोण, कुणालाच ठाऊक नव्हते. अंगावर कफनी आणि बसल्यावर हात टेकायला एक लाकडी कुबडी, एवढाच त्यांचा संसार. समुद्रात ते कधी पाऊल घालीत नसत. कुणी कारण विचारले, तर हसून म्हणत, "त्याचं माझं बोलणं इथूनच होतं." अशा महाराजांची ही हकिकत, भाविकहो. मन निवांत करून ऐका.

महाराजांच्या पायाशी रोज येऊन बसणाऱ्यांत दुलबा तांडेल होता. तांडेल म्हणजे गलबताचा चालक. खाडीच्या खडकाळ मुखातून गलबत बाहेर काढावे ते दुलबानेच, असे सारा किनारा म्हणे. आणि हीच त्याच्या जिवाला लागलेली पीडा होती! कारण फिरंग्यांना अशीच माणसे हवी होती. शेजारच्या बंदरांतले कितीतरी तांडेल त्यांच्या चाकरीत निघून गेले होते. म्हणून राजाची आज्ञा सुटली की, आपला एकही तांडेल परक्या दरबारी जाता कामा नये. आज्ञा रास्तच होती. आपल्या खडकांतली वाट परक्याला कळली, तर गड राखायचा कशाच्या जोरावर? पण ती आज्ञा अमलात आणायला केवणीच्या नशिबी आले विसाजीराव सुभेदार.

विसाजीराव मनाने वाईट नव्हते. शूर होते, राजाशी एकनिष्ठ होते. फक्त ज्याला कुलूप लागत नाही, त्यावर त्यांचा विश्वास बसत नसे. माणसाला कुलूप कसे लावणार? त्यांनी तोड काढली. होडी किनाऱ्याला लागली की तिचे सुकाणू काढून गडाच्या कोठीत ठेवायचे. कोठीला कुलूप, आणि चावी सुभेदारांच्या कमरेला.

दुलबा हात जोडून उभा राहिला. "सरकार, मी खय जातलंय? महाराजांच्या पायाची आण घेतंय. दुसऱ्याचा मीठ मी खावचंय नाय."

सुभेदार भर सदरेत खदखदून हसले. "गोसाव्याच्या पायाची आण! अरे, उद्या समुद्रात अडलास, तर तुझा गोसावी येऊन सुकाणू धरणार आहे काय?"

सारी सदर हसली. दुलबा मान खाली घालून तडक झोपडीवर आला. त्याचे डोळे भरून आले होते.

"महाराज, चोरी केल्याशिवाय मी चोर झालंय. फिरंग्यांचो माणूस दोनदा येवन गेलो. त्यांच्याकडे गेलंय, तर निदान माझा सुकाणू माझ्या हातात रवात."

महाराज शांतपणे म्हणाले, "जायचं असेल तर जा, दुलबा. मी कुणाला बांधत नाही. तुझी आणही मी मोकळी केली."

झाले! ते ऐकले आणि दुलबाचा पाय तिथून निघेना.

नारळी पौर्णिमा आली. त्या दिवशी राजाचा मानाचा नारळ खोल पाण्यात सोडायचा असतो आणि मानाच्या गलबताचे सुकाणू केवणीच्या तांडेलाने धरायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. सुभेदारांनी ती मोडली. बाहेर फिरंग्यांचे जहाज नांगर टाकून उभे असताना तांडेलाला बाहेर नेणे म्हणजे त्याला आयतेच पोचवणे, असा त्यांचा हिशेब. वल्ह्यांवर त्यांनी घाटावरचे शिपाई बसवले, सुकाणूवर आपला हवालदार, आणि नारळ घेऊन ते स्वतः गलबतात चढले. गावकरी नुसते वाळूवर उभे राहून पाहत होते.

नारळ सोडून गलबत वळले, तोच वारा फिरला. पाणी उसळले आणि गलबत मुखाजवळच्या खडकावर आदळले. त्याचे सुकाणू मोडून वाहून गेले. माणसे डोलकाठीला लटकून हाका मारू लागली. किनाऱ्यावर मचवे तयार होते, पण एकालाही सुकाणू नव्हते. कोठी बंद होती, आणि चावी त्या खडकावर, सुभेदारांच्या कमरेला!

दुलबा मचव्याकडे धावला. त्याच्या बायकोने, गोदूने, त्याचा हात धरला. "ज्या माणसान तुमका चोर म्हटल्यान, त्येच्यासाठी जीव घालवतास?"

दुलबाने वर पाहिले, तर महाराज वाळूत उतरून येत होते. त्यांनी काखेतली कुबडी पुढे केली. "हे घे सुकाणू."

दुलबाने ती मस्तकाला लावली. भावकीतले गडी वल्ह्यांवर बसले आणि मचवा लाटेत घुसला. एवढीशी कुबडी पाण्यात ती काय पोचणार! पण तिला हात लावताच मचवा असा वळे की, दुलबाच्या अंगावर काटा आला.

वाऱ्याने त्यांना आधी फिरंग्यांच्या जहाजाखाली नेले. वरून दोर पडला. गावात दोनदा येऊन गेलेला दुभाषा ओरडला, "धर, दुलबा! तुला जाब कोण विचारणार आहे?" खरेच, कोण विचारणार होते? आणही मोकळी झाली होती. सदरेतले हसणे त्याच्या कानात वाजू लागले. त्याने क्षणभर दोराकडे पाहिले. मग त्याने कुबडी दाबली, आणि मचवा खडकाकडे वळला.

सुभेदारांसह सगळे किनाऱ्याला लागले. सुभेदार दुलबाकडे पाहत राहिले. "तुझ्या मागे बसून सुकाणू धरणारा तो कफनीवाला कोण होता? कुठे गेला?"

"माझ्या मागे कोण नव्हतो, सरकार. मी नुसतो हात लावन होतंय."

दोघेही झोपडीकडे धावले; मागोमाग सदरेतली माणसे आणि सारा गाव. महाराज सुरंगीखाली डोळे मिटून बसले होते. गोदू हात जोडून समोर उभी होती. "मचवो गेलो तसे महाराज हय येवन बसले, ते हयसून हलले नाय," ती म्हणाली. पण कफनीतून खारे पाणी निथळत होते, आणि तळहात सोलवटून लाल झाले होते.

सुभेदारांनी पागोटे काढून महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "महाराज, मी आंधळा झालो होतो. पण राजाची आज्ञा तर पाळायलाच हवी. मग या माणसांना मी धरून ठेवू तरी कशानं?"

महाराजांनी सोललेला तळहात त्यांच्यापुढे धरला. "हातानं धर, बाबा. कुलपानं सुकाणू कधी धरलं जातं का?"

सुभेदारांनी कमरेची चावी काढली आणि ती दुलबाच्या हातात ठेवली. मग सदरेत हसलेल्या साऱ्यांच्या देखत ते त्याच्याही पाया पडायला वाकले. दुलबाने त्यांना अर्ध्यातच धरले आणि दोघेही रडले.