चुन्याची चिमूट

महाल बांधून झाला आणि बांधणाऱ्यांना निघायला सांगितलं. रेवूची आई तिथे विटा वाहायची. मायलेकी बागेमागच्या पत्र्याच्या झोपडीत राहत. सकाळी सगळ्या झोपड्या मोडणार होते.

"आता कुठे गं जायचं?" रेवूने विचारलं.

"काम असेल तिकडे."

रेवू बागेत गेली. जाईच्या वेलाखाली एक इवलीशी परी बसली होती. तिचा निळा-सोनेरी पंख ओल्या चुन्यात चिकटला होता. रेवूने ओंजळीने पाणी घालून तो हळूच सोडवला.

परीने तिला चुन्याची चिमूट दिली. "याने जमिनीवर आखशील ते घर उभं राहील. पण ज्याचं घर, त्याला आधी विचारायचं. आणि चुना संपला की संपला."

रेवू धावत आली. "आई, आपल्या घराला काय हवं?"

"दार. आतून कडी लागेल असं."

रेवू झोपड्यांमागच्या ओसाड माळावर आखायला वाकली. शेजारचे आंधळे भिवाआबा सगळं ऐकत होते, ते म्हणाले, "पोरी, आमचं कुठंय?"

रेवू थांबली. "तुमचं आधी, आबा. काय हवं?"

"उंबरा नको. रोज ठेचकाळतो."

"मला चुलीपाशी खिडकी," सगुणाकाकू म्हणाली. "धुराने डोळे गेले माझे."

"मग मी दिसतो कसा तुला?" आबा हसले.

रेवू विचारत गेली, आखत गेली. मोतिया भिंती उठल्या, लाल कौलं चमकली. बाकी सगळ्यांची घरं झाली आणि चुना संपला. आईने गाठोडं बांधायला घेतलं.

तेवढ्यात परी आली. "सगळ्यांना विचारलंस. तुला कोणी विचारलं?"

"कोणीच नाही."

"मी विचारते. काय हवं?"

रेवूने विचार केला. "आईचं दार. आणि मधोमध चौक. सगळी पोरं मावतील एवढा."

परीने पंख झटकले. चंदेरी धूळ रेवूच्या हातावर पडली. रेवूने आखलं. कडीच्या दारासकट घर उभं राहिलं, चौक उघडला.

"चुना नसला तरी विचारत जा," परी म्हणाली, आणि उजेडात उजेड होऊन गेली.

रेवू मोठी झाली, इमारती आखू लागली. बाजार आखताना तिने भाजीवालीला विचारलं, ओटा किती उंच हवा. दवाखाना आखताना आजाऱ्याला विचारलं, पडल्या पडल्या काय दिसावं. असं करत तिने अख्खं शहर आखलं.

त्या शहरात बांधकाम संपलं, की बांधणारे तिथेच राहतात.