ऐंशीचा काटा

"एकच सांगा, वस्ताद. माझा काटा खोटा की त्यांचा खांब खोटा?"

विश्वजित सरनोबतनं प्रश्न टाकला आणि हातातला कागद बाकड्यावर आपटला.

दस्तगीर वस्ताद बशीत चहा ओतत होते. त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही. बशी तोंडाला लावली आणि आवाज करत सावकाश एक घोट घेतला.

"बस की. आल्या आल्या कोर्ट भरवलंस."

तांबडखिंडीच्या घाटाच्या पायथ्याला फणसाखाली त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. वय अठ्ठ्याहत्तर. कोल्हापूरकडे पहिलवानाच्या गुरूला वस्ताद म्हणतात. इंजिनाच्या गुरूला तो मान मिळालेला हा एकच माणूस. घाट चढायचा कसा, उतरायचा कसा, गिअर कानानं कसा ओळखायचा, हे अर्ध्या जिल्ह्याला त्यांनी शिकवलं होतं.

गॅरेजच्या भिंतीवर एक वाकलेलं स्टिअरिंग टांगलेलं होतं. रणधीर मान्यांचं. वस्तादांचा पहिला चेला. पंधरा वर्षांपूर्वी भैरोबाच्या वळणावरून तो वस्तादांनीच बांधलेल्या गाडीसकट दरीत गेला. ब्रेक फेल झाले, असं गाव म्हणतं. वस्ताद काहीच म्हणत नाहीत.

सरनोबत बसला नाही.

"दोन महिने झाले हा कॅमेऱ्याचा खांब रोवून. चार चलनं आली मला. पाचवं आलं की लायसन जप्त. मी काय दरोडे घालतो?"

"खांब कुठं रोवलाय?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"तुझ्या तोंडनं ऐकू दे."

"वळण संपल्यावर. सरळ पट्ट्यात! रस्ता आरशासारखा स्वच्छ दिसतो तिथं. आणि चाळिसाची पाटी कुठं? करंजाच्या फांदीमागं. भैरोबाच्या वळणावर दर पावसाळ्यात माणसं मरतात, तिथं काय आहे? फुटका कठडा आणि झेंडूची वाळकी माळ. तिथं खांब नाही. का? तर तिथं गाडी सापडत नाही. जिथं मासा लागतो तिथंच गळ टाकलाय यांनी."

"व्हय."

"मागचा दिवा नसलेला डंपर जातो, त्याला चलन नाही. उलट्या बाजूनं ट्रॅक्टर येतो, त्याला नाही. दारू पिऊन कुणी तिशीनं नागमोडी गेला, तर तो सज्जन! यांच्या लेखी रस्त्यावर गुन्हा एकच. आकडा!"

"खरं बोललास," वस्ताद म्हणाले. "तीन अर्ज केले मी. वळणावर आरसा लावा, कठडा बांधा. उत्तर न्हाई. खांबाला मात्र सहा माणसं आणि क्रेन आली." त्यांनी बशी खाली ठेवली तेव्हा ती खणकन वाजली. "आणि खांब करतो तरी काय? मागनं पत्र पाठवतो. तोवर तू जगलास का मेलास, त्याला पत्ता न्हाई."

सरनोबतला जोर आला.

"आणि त्यात गेलं काय, सांगू? रविवार गेला, वस्ताद! आठवडाभर मी भट्टीपाशी उभा असतो. रविवारी पहाटे ही गाडी काढायची, खिंडीत गार वारा, तिसऱ्या गिअरला इंजिनाचा तो आवाज... त्या अर्ध्या तासासाठी सहा दिवस काढतो मी. हे चौथं चलन आल्यापासून घाटात डोळे काट्यावर असतात. रस्त्यावर नाही, काट्यावर! एकोणचाळीस, चाळीस, एकोणचाळीस. हे काय गाडी चालवणं झालं? ही कारकुनी झाली."



बाहेर उन्हात लाल फियाट उभी होती. जुनी, स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेली. चौदा वर्षांपूर्वी वस्तादांनी ती सुटी सुटी करून पुन्हा बांधली होती. सरनोबतची फाउंड्री होती. केसाइतक्या फरकासाठी तो कास्टिंगचे अख्खे घाणे परत पाठवायचा. पण या गाडीतल्या एका स्क्रूलाही त्यानं हात लावला नव्हता. वस्तादांचं काम तपासायचं म्हणजे पाप.

दर रविवारी अशा सात गाड्या घाटात जायच्या. सातही वस्तादांनी बांधलेल्या. आणि त्या सातांत सरनोबतचं एक नाव होतं. भैरोबाच्या वळणातून ऐंशीनं बाहेर पडणारा. ऐंशी! त्याच्या सासुरवाडीलासुद्धा हे माहीत होतं.

"मग आता भांडण कशाचं?" वस्तादांनी विचारलं. "जास्त पळवलीस म्हणून चलन आलं. आलं."

"वाचा की जरा कागद!"

"चष्मा न्हाई."

"सत्तावन्न लिहिलंय त्यात. सत्तावन्न! मी ऐंशीला होतो, वस्ताद. वळणातून निघालो तेव्हा काटा ऐंशीला टेकला होता, ब्रेकला पाय लावला नव्हता. कागद आमच्या रविवारच्या ग्रुपवर गेला आणि सगळे विचारायला लागले, सरनोबत, त्या दिवशी बैलगाडी जुंपली होती काय?"

वस्तादांच्या मिशीत काहीतरी हललं.

"म्हंजे सरकारनं तुला कमी गुन्हेगार ठरवलं, ही तुझी तक्रार हाय व्हय?"

"हसू नका! मुद्दा समजून घ्या. यंत्र तेवीसनं चुकतंय. तेवीस! माझ्या कारखान्यात असलं यंत्र मी भंगारात घातलं असतं. आणि असल्या यंत्रानं आमच्यावर राज्य करायचं? उद्या अकराला सुनावणी आहे. मी उभा राहणार आणि सांगणार, मी ऐंशीला होतो, तुमचं यंत्र सत्तावन्न म्हणतंय, म्हणजे ते खोटं आहे. मग सगळी चलनं रद्द. माझी, सगळ्यांची. खांब उखडावा लागेल त्यांना."

"वकील काय म्हणाला?"

"तोंड बंद ठेवा म्हणाला. भित्रा आहे."

"चाळिसाच्या जागी ऐंशी, असं तू आपल्या तोंडानं सांगणार. जाग्यावर लायसन घेतील."

"घेऊ देत! खांब तर पडेल."

"आणि माझं काय काम?"

"मीटर तुम्ही बसवलंत. काटा खरा आहे, एवढं येऊन सांगा. वस्तादांच्या शब्दावर जिल्ह्यात कोण शंका घेईल?"

फणसाच्या झाडावरून एक पान पत्र्यावर पडलं.

"मोबाईल काय म्हणतो?" वस्तादांनी विचारलं.

"कसला मोबाईल?"

"त्यात बी वेग दिसतो म्हणत्यात."

"दिसतो. एकदा लावला होता. पन्नास-पंचावन्न दाखवत होता. पोट धरून हसलो आम्ही. डोंगरात मोबाईलला काय कळतंय? बाकी सहाही गाड्यांचे काटे माझ्या काट्याशी जुळतात. सात काटे एक सांगतात आणि एक मोबाईल वेगळं. कुणाचं ऐकायचं?"

"सात काटे," वस्ताद म्हणाले. "व्हय. साताचं ऐकावं माणसानं."

ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, एका दमात नाही, दोन दमांत. फळीवरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. झाकण लागलं होतं गच्च. पान्याच्या टोकानं उचकटलं.

आत तेलकट कागदाच्या पुड्या होत्या. त्यांतली एक त्यांनी सरनोबतच्या हातावर ठेवली.

पुडीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं... *सरनोबत, लाल.*

"सोड."

आत नखाएवढं दातेरी चाक निघालं. तेलात राखलेलं, नव्यासारखं.

"हे काय?"

"मीटरची केबल फिरवतं ते. तुझ्या गाडीचं. कंपनीचं, अस्सल. दात मोज."

सरनोबतनं मोजले. "चौदा. पण हे माझ्या गाडीचं, तर मग गाडीत काय आहे?"

"गाडी खड्ड्यावर घे. उतर आणि बघ."

सरनोबतनं गाडी आत घेतली. पांढऱ्या शर्टानिशी तो गॅरेजच्या खड्ड्यात उतरला. वस्तादांनी वरून पाना दिला, कुठं लावायचा ते बोटानं दाखवलं. गिअरबॉक्सच्या कडेला एक नट होता. तो सुटला. तेलाचे दोन थेंब बाहीवर पडले.

त्याच्या तळहातावर दुसरं चाक आलं. पितळेचं. लेथवर हातानं कातलेलं. कातणाऱ्याचा हात त्याच्या ओळखीचा होता.

त्यानं नखानं दात मोजले. मग पुन्हा मोजले.

दहा.

कारखानदाराचं डोकं. नको म्हटलं तरी हिशेब सुरू झाला. कमी दातांचं चाक भरभर फिरणार, काटा पुढं पळणार. सत्तावन्नला चौदानं गुणायचं, दहानं भागायचं...

ऐंशीला दोन दशांश कमी.



मग तो वर आला. चेहरा फियाटसारखा लाल.

"चौदा वर्षं... चौदा वर्षं फसवलंत मला!"

"व्हय."

"व्हय काय व्हय! ज्या माणसाला गुरू म्हणून पाया पडलो... माझी ऐंशी कधी ऐंशी नव्हती?"

"न्हवती."

"सत्तावन्न होती?"

"कधी पंचावन्न. तुझा मूड बघून."

"आणि सांगायचं नाही? मी चारचौघांत छाती काढून हिंडलो! पोराच्या शाळेत भाषण केलं मी या वळणाबद्दल!"

"ऐकलं मी. चांगलं झालं म्हणत्यात."

"चेष्टा करू नका वस्ताद! त्या खांबात आणि तुमच्यात फरक काय मग? त्यांनीही माझा वेग चोरला, तुम्हीही चोरलात. त्यांनी निदान पाटी तरी लावली. फांदीमागं का असेना, लावली! तुम्ही तर..."

त्यानं ते पितळी चाक बाकड्यावर फेकलं. ते गोल गोल फिरत राहिलं. वस्तादांनी त्यावर बोट ठेवून ते थांबवलं.

"एक विचारू?" ते म्हणाले.

"विचारा."

"वळणातनं निघताना पोटात गोळा यायचा?"

"...यायचा."

"खिंडीतला वारा लागायचा?"

"लागायचा."

"तिसऱ्या गिअरला इंजिन गायचं?"

सरनोबतनं गाडीकडे पाहिलं.

"त्यातलं काय खोटं हुतं?"

"सगळं!" सरनोबत ओरडला. "आकडा खोटा म्हणजे सगळं खोटं! लहान मुलाला खेळण्यातलं स्टिअरिंग देतात, तसं केलंत तुम्ही. मी मोठा माणूस आहे. माझ्या गाडीचा वेग मला कळलाच पाहिजे. माझा हक्क आहे तो."

वस्तादांनी मान हलवली. त्या हलवण्यात ना होकार होता ना नकार.

"हक्क हाय," ते म्हणाले. "मग सांग. उद्या साक्षीला येतो. पितळी चाक आत असंल, तर तुझा काटा खोटा, हे बी सांगीन. कंपनीचं असंल, तर खरा म्हणून सांगीन. जे असंल ते. कुठलं बसवू?"

"हे काय विचारणं झालं?"

सरनोबतनं मूठ उघडली. चौदा दातांचं चाक त्याच्या घामानं ओलं झालं होतं.

"हे बसवा. आत्ता, माझ्यादेखत. गेली उद्याची सुनावणी खड्ड्यात. खांबाचं मागाहून बघू. मला माझा खरा काटा पाहिजे, वस्ताद. आणि मग बघतो भैरोबाच्या वळणातून ऐंशी निघते की नाही. खरी ऐंशी!"

वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. एकदाच.

मग चाक घेतलं, पाना घेतला आणि भिंतीला धरत एक एक पायरी करून खड्ड्यात उतरले. गाडीखालून त्यांची फक्त टोपी दिसत होती.

सरनोबत वर येरझारा घालत होता. राग निवत नव्हता. डबा उघडाच होता. त्यानं त्यात हात घातला आणि पुड्या बाहेर काढल्या. *निंबाळकर, पांढरी. शिकलगार. डॉक्टर. घोरपडे, जीप...* बाकीच्या सहाही. सगळे रविवारचे. सगळ्यांच्या पुड्या.

"म्हणजे सगळ्यांनाच!" तो पुटपुटला. "एकालाही सोडलं नाही."

खालून पाना फिरल्याचा आवाज येत होता. कर्र... कर्र...

सरनोबतनं डबा उपडा केला. तळाशी तेलाचा डाग होता. आणखी काही नव्हतं.

त्याची नजर भिंतीवर गेली. वाकलेल्या स्टिअरिंगवर.

"वस्ताद..."

"बोल."

"यात रणधीरची पुडी नाही."

पान्याचा आवाज थांबला.

"न्हाई," गाडीखालून वस्ताद म्हणाले. "त्याचा काटा खरा हुता."