केरबाची बेटावर न्यायची लेन्स

नदीच्या अलीकडं बोरगुंडी नावाचं गाव होतं आणि त्या गावात केरबा नावाचा एक भोळा फोटोवाला राहत होता. बाकीचं गाव हुशार होतं. त्यामुळे एवढ्या मोठ्या गावाला एकच भोळा माणूस पुरत होता.

केरबा लग्नाचे फोटो सुंदर काढायचा. स्वतःच्या लग्नाचेही त्यानंच काढले. त्यामुळे त्या अल्बमात नवरा कुठंच नाही. सप्तपदीच्या फोटोत नवरी सगुणा एकटीच चालली आहे आणि तिच्या पदराला बांधलेलं उपरणं फोटोच्या कडेला जाऊन संपलं आहे. हार घालण्याच्या फोटोत तिचे दोन्ही हात पुढं आले आहेत आणि त्यापुढं नुसता झेंडूच झेंडू आहे, कारण हार कॅमेऱ्यासकट नवऱ्याच्या गळ्यात पडला होता.

पुढंही कुणी फोनवर दोघांचा फोटो काढायला लागलं की केरबा म्हणायचा, "थांबा, तुमचा हात हलतोय," आणि फोन आपल्याकडं घ्यायचा.

सगुणाची धाकटी बहीण दर दिवाळीला तो अल्बम उघडायची आणि विचारायची, "आक्का, दाजी खरंच आले होते ना गं लग्नाला?" सगुणा हसायची. पण दिवाळीगणिक ते हसू लहान होत गेलं.

मग एकदा खताच्या दुकानाच्या सोडतीत केरबाचं नाव निघालं. बक्षीस होतं अंदमानातल्या एका बेटाची सहल, तीही जोडीनं.

सगुणा म्हणाली, "मला तिथलं काही नको. शंख नको, शिंपले नको. आपण दोघं शेजारी शेजारी उभे आहोत असा एक फोटो पाहिजे. बस."

"कळलं," केरबा म्हणाला.

केरबाला काही कळलं की सगुणा घाबरायची.

प्रवासाच्या पिशवीत भडंगाचा डबा बसला, लोणच्याची बरणी बसली, सगुणाची इरकल साडी बसली. मग एका लेन्सपुरती जागा उरली. केरबाकडं लेन्स होत्या चार. कुठली न्यावी ते विचारायला तो तालुक्याला दिगंबरमामांकडं गेला. हे सगुणाचे मामा. त्यांचा स्टुडिओ होता आणि केरबाला कॅमेरा धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

मामा एका गिऱ्हाइकाची मान सरळ करत होते. मान ऐकत नव्हती.

"जावईबापू, त्यात विचारायचं काय? लांबच्याला लांबची लेन्स, जवळच्याला जवळची."

"कळलं."

घरी आल्याबरोबर त्यानं सगुणाला विचारलं, "बेट लांब आहे का गं?"

"लांब म्हणजे! पार समुद्राच्या मधोमध."

केरबानं लांबची लेन्स पिशवीत घातली. तिच्यानं पक्षी टिपतात. सगुणा म्हणाली, "आधी इथं वापरून तर बघा. मग न्या."

दुसऱ्या दिवशी पाटलांच्या घरी बारसं होतं. केरबा तीच लेन्स लावून गेला. पाळण्याजवळ उभं राहून पाहिलं, तर काहीच नीट दिसेना. नुसतं धुकं. तो एक पाऊल मागं सरकला. मग उंबऱ्याबाहेर गेला. मग अंगणात. मग रस्त्यावर, ओढ्यात, ओढ्याच्या पलीकडं. शेवटी माळावरच्या टेकाडावर उभा राहिला तेव्हा पाळणा, बायका आणि बाळ असं सगळं व्यवस्थित दिसायला लागलं.

"हसा!" केरबा ओरडला.

बाळाच्या आत्यानं कानात कुर्र केलं, बाळाचं नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. फोटोवाला कुठं गेला म्हणून लोक माडीवर बघून आले. तेवढ्यात ओढ्यावरून एक म्हैस वर आली आणि मधोमध उभी राहिली. केरबानं बटण दाबलं. म्हैस चांगली आली. तिच्या चेहऱ्यावर बारशाचा आनंद होता.

सगुणानं कपाळावर हात मारला. "अहो, मागं मागं कशाला जायचं? पुढं जायचं! इतकं जवळ जायचं की पापणीचा केस दिसला पाहिजे."

"कळलं."

लांबची लेन्स पिशवीतून बाहेर आली. जवळची आत गेली. ही अंगठ्या आणि मेंदी काढायची.

त्याच आठवड्यात तालमीच्या कबड्डी संघानं जिल्ह्यात ढाल जिंकली. बाजीराव वस्तादांनी सगळ्या पोरांना ढालीमागं उभं केलं आणि स्वतः मधे बसले. वस्तादांना ओळीत सगळ्यांनी छाती फुगवलेली आवडायची. पोरांनी छाती फुगवली. केरबा पुढं गेला. आणखी पुढं गेला. पोरांची छाती दुखायला लागली. केरबा वस्तादांच्या मांडीवर एक गुडघा टेकून उभा राहिला आणि त्यानं बटण दाबलं.

फोटो मोठा करून, काचेत बसवून तालमीत आला. वरचं कापड वस्तादांनी स्वतः काढलं. आत काळ्या तारांसारखं काहीतरी होतं आणि एक घामाचा थेंब होता.

"हे काय आहे?"

"पापणी आहे, वस्ताद. तुमचीच. एकेक केस मोजून घ्या."

"आणि माझी पोरं?"

"ती मागं आहेत. पापणीच्या."

वस्ताद फार रागावले की हळू बोलायचे. आता ते इतकं हळू बोलले की केरबाला कान पुढं न्यावा लागला. "केरबा. फोटोत सगळे यायला पाहिजेत. एकसुद्धा माणूस सुटता कामा नये."

"कळलं."

जवळची लेन्स पिशवीतून बाहेर आली. रुंद लेन्स आत गेली. तिच्यात अख्खा मांडव मावतो, स्वयंपाक्यासकट.

मग शेजारच्या अनुसूयाबाईंनी हाक मारली. त्यांच्या शकूसाठी एका चांगल्या घरातून विचारणा झाली होती आणि मुलाकडच्यांना फोटो हवा होता. शकू नवी साडी नेसून दारात उभी राहिली.

केरबानं डोळा लावला. "मावशी, तुमचे हे कुठायत?"

"गच्चीवर. बनियन वाळत घालतायत. का?"

"काका, कठड्याजवळ या! बनियन असू द्या हातात!" मग तो गल्लीत फिरला. पलीकडचे गवंडी आले, पिठाच्या गिरणीतला माणूस पांढऱ्या भुवयांनी आला, हौदावर भांडी घासणारी शकूची आत्या होती तिथंच हसली, शेळी आपण होऊन आली. एकसुद्धा माणूस सुटलं नाही. केरबानं दोनदा बघून खात्री केली.

मुलाकडून लगेच निरोप आला. मुलगी पसंत आहे. हौदाजवळची.

आत्याला नातवंडं होती. तिनं भांडी तशीच टाकली आणि आरशासमोर जाऊन बसली. अनुसूयाबाई मात्र सगुणाच्या दारात येऊन बसल्या आणि जेवणवेळ झाली तरी उठल्या नाहीत.

त्या गेल्यावर सगुणा केरबासमोर उभी राहिली. "नीट ऐका. ज्याचा फोटो काढायचा, तेवढंच माणूस. बाकी काही नको. शेळी नको, गवंडी नको, आत्या नको."

"आत्या चांगली आली होती."

"नको म्हणजे नको!"

"कळलं," केरबा म्हणाला.

या वेळी सगुणानं वाट बघितली नाही. तिनं स्वतःच्या हातानं रुंद लेन्स काढून ठेवली आणि चौथी, चेहऱ्याचे फोटो काढायची लेन्स पिशवीत घातली. शेजारी कॅमेरा बसवला, वर इरकल ठेवली, चेन लावली. आता चुकायला जागाच उरली नव्हती. तिला रात्री शांत झोप लागली.

बेट फार सुंदर होतं. पाणी हिरवं होतं आणि माड वाकून पाण्यात बघत होते. सगुणा म्हणाली, "अहो, समुद्र काढा की."

"समुद्र माणूस नाही," केरबा म्हणाला.

माड काढला नाही, सूर्यास्त काढला नाही. सगुणानं आग्रह धरला नाही. तिला आपल्या एका फोटोशी मतलब होता. पण किनाऱ्यावर कॅमेरा दगडावर ठेवून दोघं समोर उभे राहिले की मागून कुणाचं तरी पोर बादली घेऊन पळायचं, नाहीतर एखादा खेकडा चालत यायचा. "हा आला," केरबा म्हणायचा आणि थांबायचा. असं करता करता शेवटचा दिवस उजाडला. दुपारचं विमान होतं.

होडीवाला तपनदा भला माणूस होता. त्यानं सांगितलं, सकाळच्या ओहोटीला समुद्रातून वाळूचा एक पट्टा वर येतो. तिथं कुणी नसतं. मी सोडतो, पाणी चढायच्या आत न्यायला येतो, तिथून सरळ विमानतळावर.

सगुणाचे डोळे चमकले. ती इरकल नेसली, केसांत फूल माळलं. होडीत बसताना तिनं केरबाचा हात धरला. "बघा हं. तिथं फक्त आपण दोघं. फोटोत दुसरं काही म्हणजे काही नको."

"कळलं," केरबा म्हणाला.

सगुणा आनंदात होती. त्यामुळे ती घाबरायची विसरली.

वाळूच्या पट्ट्यावर होडी लागली. तपनदा म्हणाला, "दादा, फोटो मैं निकाल दूँ?"

"नको," केरबा म्हणाला. "तिसरं माणूस नको."

त्यानं सगुणाला हात देऊन उतरवलं. तिच्या हातातली पर्स घेतली, चपला घेतल्या, फोन घेतला, स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि सगळं होडीत सामानावर ठेवलं. एवढी काळजी नवऱ्यानं कधी घेतली नव्हती. सगुणाला भरून आलं. तिनं समुद्राकडं तोंड करून डोळे टिपले. मागं होडी सुरू झाल्याचा आवाज झाला आणि लांब गेला.

केरबा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. अगदी शेजारी, खांद्याला खांदा लावून. त्यानं टोपी सरळ केली. "पदर नीट घे," तो म्हणाला. तिनं घेतला. "हस आता." ती हसली. दोघं हसत उभे राहिले. वारा थांबला. मागं पोर नव्हतं, माड नव्हता, खेकडासुद्धा नव्हता. असा फोटो बोरगुंडीत कुणाचाच नव्हता.

बराच वेळ गेला.

"अहो," सगुणा दातांतून म्हणाली, "कॅमेरा कुठं ठेवलाय?"

"होडीत."

"होडीत?"

"फक्त आपण दोघं म्हणालीस ना. कॅमेरा म्हणजे तिसरंच की."

सगुणानं होडीकडं पाहिलं. होडी आता मुंगीएवढी दिसत होती.

"अहो, मग आपण मघापासून हसतोय कुणाकडं बघून?"

"श्श," केरबा ओठ न हलवता म्हणाला. "हलू नकोस. फोटो बिघडेल."