दुधी काचेवरचे डोंगर

"आता यातून आणखी काय काढू, बाई?"

मयूरेश कानिटकरच्या आवाजाला धार होती. समोर टेबलावर त्याने रचलेला कॅमेरा होता, अख्खी डोंगररांग एकाच लांबट फिल्मवर घेणारा. दोन वर्षं तो याच्यामागे लागला होता.

सबनीसबाईंनी कॅमेरा उचलला, फिरवून पाहिला, खाली ठेवला. साताऱ्यातली ही चार माणसांची कंपनी त्यांची. असे कॅमेरे घडवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि त्यांच्या होकाराशिवाय एकही बाहेर जात नसे.

"चांगला आहे. पण जास्तीचं काहीतरी आहे अजून."

"मूठ काढली. वजन निम्म्यावर आणलं. शोभेचा एक स्क्रू ठेवला नाही."

"हं..."

"आज तुमचा होकार आला नाही, तर उद्यापासून मी येणार नाही."

बाई उठल्या.

"कॅमेरा घे. पठारावर जाऊन येऊ."

कड्याशी पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मयूरेशने ट्रायपॉड रोवला, कॅमेरा चढवला. मागच्या दुधी काचेवर चित्र जुळवायला तो वाकला, तसं बाईंनी काळं कापड त्याच्या डोक्यावरून पार खांद्यांपर्यंत ओढलं आणि शेजारच्या खडकावर जाऊन बसल्या.

"काय दिसतंय?"

"डावा कोपरा स्वच्छ. उजवाही. अशी लेन्स बसवणं सोपं नाही, बाई."

"आणखी?"

"उजेड सगळीकडे सारखा. कुठे वाक नाही..."

"आणखी?"

मयूरेश कोपरे सोडून काचेच्या मधोमध बघू लागला.

काचेवर सगळं उलटं होतं. आभाळ खाली साठलं होतं आणि डोंगर त्यात लोंबत होते, एकामागे एक, शेवटचा कुठला आणि धुकं कुठलं कळू नये असे. ढगाची सावली एकेका कड्यावरून सरकत चालली होती. एक घार उताणी तरंगत आली आणि काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निघून गेली. वीतभर काचेत सगळं मावलं होतं, आणि तरी मावत नव्हतं.

फिल्म पिशवीतून निघालीच नाही.

ऊन उतरलं. दऱ्या भरत गेल्या. काच निळी झाली, मग विझली...

तो कापडाबाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता. पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"कॅमेरा कसा वाटला?" बाईंनी विचारलं.

"कॅमेरा...?"

असं काही आपल्यापुढे होतं, हेच क्षणभर त्याच्या ध्यानात येईना.

"उद्या गिऱ्हाइकाला देऊन टाक," बाई म्हणाल्या.

"पण त्यात जास्तीचं होतं ना काहीतरी? ते कधी काढलंत तुम्ही?"

बाईंनी मघाशी त्याच्यावर ओढलेलं कापड झटकलं, घडी घातली.

"मी काढलं नाही. फक्त झाकलं."