केरिनचं अर्धं वाक्य

“मग बाई, खरा स्वर कुठला? आमच्या बेटाचा, की तिच्या किनाऱ्यावरचा?”

नामेन ओहोटीचा चिखल तुडवत शेजारच्या बेटावरून आला होता. जर्मनीच्या समुद्रकाठी बोलल्या जाणाऱ्या उत्तर फ्रिजियन भाषेच्या झाडून सगळ्या बोली, त्यांचे सगळे स्वर त्याला तोंडपाठ. फ्योर बेटावरच्या ह्या मारेटबाईंनीच शिकवलेले. विद्या डोक्यात गेली होती, दुसरं काय! लग्न केलं किनाऱ्यावरच्या केरिनशी, आणि उठता-बसता तिचे स्वर सुधारायला लागला.

आता केरिन त्याच्याशी जर्मन बोलत होती. तिकडचे लोक परक्या माणसाशी बोलतात, तसं.

“भांडत नाही हो. गोडच बोलते,” नामेन म्हणाला. “पण जर्मन! नवऱ्याशी! घर खायला उठतं बाई. तुम्ही सांगा तिला, स्वर असा आहे म्हणून. तुमचं ऐकेल ती.”

मारेटबाईंनी चहा पुढे केला.

नामेनने कप उचलला.

“असा नाही धरायचा. कान दोन बोटांत धर.”

त्याने तसा धरला. ओठांपाशी नेला.

“कोपर खाली.”

...कोपर खाली घेतलं.

“आता बशी वाकडी झाली.”

बशी सरळ केली. पुन्हा कप उचलला.

“मान कशाला पुढे काढतोस?”

“अहो बाई, पिऊ द्याल की नाही मला!”

नामेनने कप आपटलाच. मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

चहा गार झाला.

“जर्मन सुरू करायच्या आधी,” बाईंनी विचारलं, “आपल्या बोलीत शेवटचं काय म्हणाली रे केरिन?”

“त्या दिवशी... बाहेरून आली ती. दारातच हसायला लागली. म्हणाली...” त्याने तिचा स्वर हुबेहूब काढून दाखवला. लांब, जरा पसरट. “मी तिथंच थांबवलं तिला, स्वर सुधारायला.”

“सांगत काय होती?”

नामेनचे डोळे भरून आले.

“स्वर तेवढा आठवतोय, बाई.”

“तो मलाही येतो,” मारेटबाई म्हणाल्या. “पुढचं विचारून ये.”