चाकांचे बाक आणि कुलपातला फळा

डोंगरापलीकडच्या एका राज्यातली राणी शाळांकडे स्वतः लक्ष द्यायची. गोष्टच आहे, तेव्हा हे चालवून घ्यावं.

त्या राज्यातल्या एका गावात एक बाई शिकवत. त्यांच्या वर्गातले बाक जमिनीत पक्के रोवलेले होते. मिळून काही करायचं म्हटलं, की मागच्या मुलांना पुढच्यांच्या फक्त माना दिसायच्या. बाईंनी राणीकडे गाऱ्हाणं घातलं. राणीनं नवा वर्गच धाडला. बाकांना चाकं होती. हवे तेव्हा जोडावेत, हवे तेव्हा सुटे करावेत. शिवाय विचाराल ते दाखवणारा जादूचा फळा. अट एकच होती, न वापरलेली वस्तू परत नेली जाईल.

मुख्याध्यापकांनी दाराला तोरण बांधलं, फळ्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि कुलूप लावलं.

"सर, उद्यापासून मुलांना आत नेऊ?" बाईंनी विचारलं.

"अहो बाई, आजच तर आलंय! बाकांवरचं प्लास्टिक तरी राहू द्या."

"पण त्यांना चाकं आहेत, सर."

"म्हणूनच म्हणतो! फिरली की झिजणार. फळ्याला हात लागले की डाग पडणार. मग पुन्हा कोण देणार आहे?"

दसऱ्याला फळ्याला झेंडूचा हार मिळाला. मुलांना चपला काढून खिडकीतून पाहायची परवानगी होती. बाईंनी एकदा वैतागून विचारलंसुद्धा, "सर, प्रसाद कधी वाटायचा?" सरांना वाटलं, बाई आता भाविक झाल्या.

मग निरोप आला, की राणी वर्ग पाहायला येतेय. मुख्याध्यापकांनी कुलूप काढलं.

"मुलांना आत बसवा. कशाला हात लावू देऊ नका. राणीसाहेबांनी विचारलं तर सांगा, रोज वापरतो."

बाईंनी कपाळाला हात लावला. खरं सांगितलं तर वर्ग जाणार. खोटं सांगितलं तर राहणार, पण कुलपात.

राणी आली. मुख्याध्यापकांनी छाती फुगवली. "बघा राणीसाहेब, एक ओरखडा नाही!"

राणीनं बाईंकडे पाहिलं. "रोज वापरता?"

राणीच्या पाठीमागून मुख्याध्यापक जोरजोरात होकारार्थी मान हलवत होते.

"नाही," बाई म्हणाल्या. "मुलं आज पहिल्यांदाच आत आलीत."

राणीनं प्रधानांना सांगितलं, "गाड्या बोलवा. संध्याकाळी सगळं उचला."

"बाई, काय केलंत हे!" मुख्याध्यापक कळवळले.

"संध्याकाळीच ना, राणीसाहेब?" बाई म्हणाल्या. "मग तोवर वर्ग आमचा." आणि त्या मुलांकडे वळल्या. "काढा रे ते प्लास्टिक! पलीकडच्या वाडीतली मुलं पावसाळ्यात शाळेला मुकतात. ओढ्यावर साकव कुठे बांधायचा, ते सांगा मला."

फळ्यानं ओढा आभाळातून दिसावा तसा दाखवला. मुलांनी बाक ढकलून त्या ओढ्यासारखीच वाकडीतिकडी रांग लावली आणि भांडायला सुरुवात केली.

"तुझा साकव पहिल्याच पुरात जाईल!"

"तुझा तर बांधायच्या आधीच पडेल, शहाण्या!"

"अरे, पण पाणी इथे वळतं, बघ की फळ्यावर!"

बाक सुटले, पुन्हा जुळले. एक बाक प्रधानांच्या पायावरून गेला. भांडणाऱ्यांची एकेका बाकाभोवती टोळकी झाली. बाईंना मध्ये पडायची गरजच उरली नाही.

संध्याकाळी गाडीवाले आले. एकानं बाकाला हात घातला.

"काका, थांबा ना! इथून पाणी कसं जातं ते बघतोय."

गाडीवाल्यानं राणीला शोधलं. ती मुलांच्या घोळक्यात ओणवी उभी होती. मान वर न करताच ती म्हणाली, "गाड्या रिकाम्याच न्या. इथे काम चाललंय."

मुख्याध्यापक धावत पुढे आले. "राणीसाहेब, इकडे बघा, ओरखडा पडला हो!"

"असेल," राणी म्हणाली. "जरा बाजूला व्हा. तुमच्यामुळे ओढा अडलाय."

तात्पर्य: शाळेला मिळालेली वस्तू मुलांच्या हातांनी झिजू द्यावी, मुलांपासून जपून ठेवलेली वस्तू शाळेत असून नसल्यासारखीच. (ही गोष्ट लॅमिनेट करून ठेवू नये.)